अठरा जण पाहिजेत

आमच्या गाडीचा हॉर्न अगदी नव्यासारखा आहे. वापरच नाही ना! आमच्या बुरंडिप गावच्या मैदानावर गाड्या कठड्याला नाक लावून उभ्या करायच्या, आत ब्लँकेट गुंडाळून, थर्मास मांडीवर घेऊन बसायचं आणि आपल्या टीमनं गोल मारला की सगळ्यांनी मिळून हॉर्न वाजवायचा, ही आमच्याकडची रीत. पाहुण्या टीमच्या गाड्या पलीकडच्या बाजूला. तिकडून दर थोड्या वेळानं लग्नाची वरात निघाल्यासारखा गोंगाट होतो आणि आमच्या बाजूला सगळे आपापल्या चहात बघत बसतात. मागच्या महिन्यात आमच्या बाजूनं एकदा हॉर्न वाजला, तर सगळ्यांनी दचकून माना वळवल्या. शेजारच्या ब्रॉनविनचा कुत्रा स्टिअरिंगवर चढला होता.

दोन वर्षांत बुरंडिपनं एकही सामना जिंकलेला नाही. आता आमच्या या फुटबॉलमध्ये चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून बॉल गेला तर सहा गुण, आणि नेम चुकून बाजूच्या खांबांतून गेला तर एक. चुकल्याबद्दलही बक्षीस देणारा दुसरा खेळ मला तरी माहीत नाही. आम्ही त्या बक्षिसावरच जगत होतो. आमच्या जर्सीवर पेलिकन पक्षी आहे, आणि पेलिकन जसा चालतो तशीच आमची पोरं पळतात.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. काच खाली करून मी ओरडते. "अरे, तो बॉल आहे, अंडं नव्हे, पकड त्याला!" असं. नवरा लिंडसे शेजारी शब्दकोडं सोडवत बसलेला असतो. तो विमा कंपनीत आहे. पिकावर गारा पडल्या की किती नुकसान झालं ते बघून येणं हे त्याचं काम, त्यामुळे उद्ध्वस्त मैदानाकडे शांतपणे बघायची त्याला सवय आहे. मला नाही. मी सामन्यानंतर दोन दिवस भांडी आपटते.

तर ऑगस्टमध्ये, हंगामाचा एकच सामना उरलेला असताना, आमचा कोच क्लाइव्ह कँटीनमध्ये खुर्चीवर उभा राहिला. क्लाइव्ह खुर्चीवर उभा राहिला म्हणजे बातमी वाईट असते. चांगली असती तर तो बसूनच बोलला असता.

"लीगचा निरोप आलाय," तो म्हणाला. "यंदा दोनदा आपली माणसं भरली नाहीत म्हणून सामना सोडून द्यावा लागला. शनिवारच्या सामन्यानंतर सोमवारी बैठक आहे. बुरंडिपला अठरा माणसं जमत नाहीत, सबब क्लब बंद करून जेरानूकमध्ये मिसळावा, असा ठराव येतोय."

जेरानूक म्हणजे आमच्यापासून वीस किलोमीटरवरचं गाव. मिसळणं म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. नाव त्यांचं, जर्सी त्यांची, मैदान त्यांचं, आणि आमचा पेलिकन त्यांच्या वाघाच्या पोटात. आमच्या गावातली बँक गेली, बेकरी आठवड्यात तीनच दिवस उघडते, शाळेची मोठी मुलं बसनं बाहेर जातात. एक शनिवारचा सामना तेवढा उरलाय. तिथं आम्ही एकमेकांना भेटतो, कोण आजारी, कोणाकडे बाळ झालं ते कळतं. क्लब गेला तर शनिवारी करायचं काय? जेरानूकला जाऊन त्यांच्या गाड्यांच्या रांगेत बसून त्यांच्या गोलला हॉर्न वाजवायचा? मला हे बोलतानासुद्धा कसंतरी होतं.

"आणि शेवटचा सामना कोणाशी?" ब्रॉनविननं काउंटरमागून विचारलं. कँटीन तीच चालवते.

"जेरानूकशीच. इथंच." क्लाइव्ह खाली उतरला. "माझ्याकडे चौदा नक्की आहेत. चार कमी पडतात. शनिवारी पूर्ण टीम उतरवली तर सोमवारी निदान तोंड उघडता येईल."

सगळे हातातल्या सॉसेज रोलकडे बघायला लागले. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "चार माणसं? एवढीशी तर गोष्ट! आणते मी."

क्लाइव्हनं दुसऱ्या क्षणी कपाटातून पिवळं जॅकेट काढून माझ्या अंगावर चढवलं. त्याच्या पाठीवर 'टीम मॅनेजर' असं लिहिलं होतं. आधीच्या मॅनेजरनं ते चार वर्षांपूर्वी काढून ठेवलं होतं आणि तेव्हापासून कोणी त्या कपाटाजवळसुद्धा जात नव्हतं, हे मला नंतर कळलं.

मग सुरू झाले सल्ले. आमच्या गावात माणसं कमी आहेत, पण सल्ले कधी कमी पडत नाहीत. ब्रॉनविन म्हणाली, "पाटी लाव गं धान्याच्या कोठारावर, ट्रकवाले वाचतील." पोस्टातल्या बाई म्हणाल्या, तिशीच्या आतल्या प्रत्येकाच्या आईला गाठ. पोलीस तर पुढे सरसावला. म्हणाला, वेगात गाडी चालवताना जो सापडेल त्याला विचारतो, दंड भरतोस की फुटबॉल खेळतोस. त्यानं खरंच दोघांना विचारलं. दोघांनी दंड भरला.

पण माझ्याकडे एक जागा होती जी दुसऱ्या कोणाकडे नव्हती. मी दातांच्या डॉक्टरांकडे काम करते. सगळ्या जिल्ह्याची तोंडं आमच्या खुर्चीत येऊन उघडतात. आणि ज्याच्या तोंडात कापूस, नळी आणि डॉक्टरांची दोन बोटं आहेत, त्याला नाही म्हणता येत नाही.

पहिला सापडला शाळेतला संगीताचा मास्तर. हिरडी सुजली होती. "शनिवारी मोकळा आहेस ना?" मी विचारलं. तो "आं" म्हणाला. मी नाव लिहून घेतलं. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. दुसरा रस्त्याच्या कामावरचा दांडगा माणूस, अक्कलदाढ काढायला आलेला. त्याला गुंगीचं औषध दिलेलं होतं, तो तर आपण होऊन माझा हात धरून रडला आणि म्हणाला की लहानपणी त्याला कोणी टीममध्ये घेतलंच नाही. शुद्धीवर आल्यावर त्याला काही आठवेना, पण तोवर मी त्याच्या बायकोशी बोलून जर्सीचं माप घेतलं होतं.

तिसरा डॉनाल. आयर्लंडहून मेंढ्यांची लोकर कातरायला आलेला, एका मेंढीनंच लाथ मारून त्याचा दात हलवला होता. त्याला मात्र फसवावं लागलं नाही. "बॉल हातात घेऊन पळायचं आणि लाथ मारायची? आमच्याकडे गावागावात तेच करतात!" तो म्हणाला. "फक्त आमचा बॉल गोल असतो."

"आमचा लांबट असतो," मी म्हटलं. "कुठं उसळेल ते देवालाही सांगता येत नाही. आमच्या पोरांना तर दोन वर्षांत कळलेलं नाही, तू काळजी करू नकोस."

मला वाटलं, झालं काम. कसलं काय! डॉनालच्या जुन्या क्लबनं त्याला मोकळं केल्याचा निरोप पाहिजे, असं लीगच्या कचेरीतली पोरगी फोनवर म्हणाली. मी म्हटलं, "अगं, तो क्लब पृथ्वीच्या पलीकडे आहे." ती म्हणाली, "चालेल, ईमेल पोचते." मी त्या आयरिश गावात फोन लावला. क्लबचे चिटणीस तिथले पाद्रीबाबाच निघाले. त्यांनी आधी विचारलं, डॉनाल दर रविवारी चर्चला जातो का. मी म्हटलं, "बाबा, आधी शनिवारचं बघू, मग रविवारचं मी स्वतः बघते." तेव्हा कुठे त्यांनी निरोप पाठवला. आता दर रविवारी त्याला चर्चच्या दारात सोडायची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली आहे, ते वेगळंच.

सतरा झाले. अठरावा काही मिळेना. मी सगळं गाव पालथं घातलं आणि शेवटी घरी येऊन बघते तर अठरावा सोफ्यावर शब्दकोडं सोडवत बसलेला.

"लिंडसे," मी म्हटलं.

"नाही," तो म्हणाला.

"मी अजून काही विचारलंच नाही."

"तू पिवळं जॅकेट घालून माझं नाव घेतलंस. मी सेहेचाळीस वर्षांचा आहे, लोरेल. माझे गुडघे त्याहून मोठे आहेत."

लिंडसे तरुणपणी खेळायचा. लग्नानंतर माझ्यासाठी खेळ सोडला, असं तो सांगतो. गुडघ्यासाठी सोडला, असं हाडांचे डॉक्टर सांगतात. मी त्याच्याशेजारी बसले आणि ओरडले नाही. नुसतं म्हटलं, "पुढच्या वर्षी शनिवारी आपण दोघं कुठं बसणार आहोत, ते तू सांग." त्यानं पेन्सिल शब्दकोड्यात खोचली. मग उठला आणि कपाटात जुनी चड्डी शोधायला लागला. चड्डी सापडली. बटण लावताना ते उडून मांजराला लागलं. पण माणूस उठला, हे महत्त्वाचं.

आणि इथंच खरी अडचण आली. संगणकावर नाव घालायला गेले तर लिंडसे आधीच नोंदवलेला! कुठं? जेरानूकला! लग्नाआधी तो एक हंगाम त्यांच्याकडून खेळला होता आणि त्याचं नाव तिथून कोणी हलवलंच नव्हतं. जेरानूकनं मोकळं केल्याशिवाय तो आमच्याकडून खेळू शकत नव्हता. आणि जेरानूकची चिटणीस कोण? रोवेना. लिंडसे त्या एका हंगामात जेरानूकला का खेळला, तर ह्या रोवेनामुळे. कपाळ माझं!

नाक मुठीत धरून गेले मी तिच्या दारात. तिनं गोड हसून आत घेतलं, खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक समोर ठेवले. अगदी हलके होते. मला तेसुद्धा सहन झालं नाही.

"लिंडसे?" ती म्हणाली. "अजून चालतो का गं तो?"

"चालतो. शनिवारी पळेलसुद्धा."

"इतकी वर्षं त्याचं नाव आमच्याकडेच राहिलं, बघ."

नाव राहिलं, माणूस माझ्याकडे आला, असं अगदी ओठावर आलं होतं. पण सही तिच्या हातात होती, म्हणून मी तोंडात लॅमिंग्टन कोंबला.

"मला कमिटीला विचारावं लागेल," रोवेना म्हणाली. "सोमवारची बैठक आहे ना. सगळं कसं नियमानं व्हायला हवं."

मी समजले. आमची माणसं भरली नाहीत तर त्यांचाच फायदा. शिवाय हा सामना जिंकला तरच जेरानूक अंतिम फेऱ्यांत जाणार होतं. त्यांनी लिंडसेला अडकवून ठेवलं तर कोण काय करणार? घरी परत येताना मी गाडीत त्यांना इतक्या शिव्या घातल्या की रस्त्याकडेच्या मेंढ्यासुद्धा लांब सरकल्या.

नोंदणीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी रोवेनाचा फोन आला. "सोडलं गं त्याला," ती म्हणाली. "मी कमिटीत लिंडसेचं नाव वाचलं आणि सगळे पोट धरून हसले. आमचा कॅप्टन म्हणाला, लिंडसे खेळणार असेल तर आजच सोडा, त्याला आणायला गाडीही पाठवा."

मी आभार मानून फोन ठेवला. लिंडसेनं विचारलं, "काय म्हणाली?" मी म्हटलं, "शुभेच्छा दिल्यात." एवढं खोटं नवराबायकोत चालतं.

शनिवारी सकाळी मी कपडे बदलायच्या खोलीच्या दारात उभी राहून पोरं मोजली. अठरा! पुन्हा मोजली, अठराच. तेवढ्यात दारातून आमचे दातांचे डॉक्टर आत आले. हातात बूट, तोंडात दात वाचवायची जाड पट्टी.

"तू माझे सगळे रुग्ण पळवलेस," ते पट्टी काढून म्हणाले. "म्हटलं, आपणही यावं. मुदतीतच नाव नोंदवलंय. बाकावर बसेन. कोणाचा दात पडला तर उचलीन."

म्हणजे एकोणीस! आमच्या बाकावर माणूस! दोन वर्षं तो बाक रिकामा होता, त्याच्यावर ब्रॉनविन सॉसच्या बाटल्या ठेवायची. क्लाइव्हच्या डोळ्यांत पाणी आलं. लोक गाड्यांतून उतरून बाक बघायला आले.

सामना सुरू झाला आणि काय सांगू, आमची पोरं पळत होती! रस्त्याच्या कामावरचा दांडगा वाटेत येईल त्याला आडवं करत होता. संगीताचा मास्तर तालात उड्या मारून बॉल झेलत होता. आणि डॉनाल! त्याला लांबट बॉलशी काही देणंघेणंच नव्हतं, तो जमिनीवरूनच लाथ हाणायचा आणि बॉल बरोबर मधल्या खांबांतून जायचा. आमच्या बाजूनं हॉर्न वाजले. म्हाताऱ्या कीथच्या गाडीचा हॉर्न वाजला आणि बंदच होईना, त्याला बॅटरीची तार काढावी लागली. शेवटच्या डावाला सुरुवात झाली तेव्हा आम्ही दोन गोलनी पुढे होतो. बुरंडिप पुढे! फळ्यावरचे आकडे बघायला मी चष्मा पुसला.

लिंडसे मात्र एका पायावर खेळत होता. ते बघून क्लाइव्ह डॉक्टरांना म्हणाला, "जा आत!" आणि मला म्हणाला, "लिंडसेला बाहेर बोलाव."

आता इथं एक गोष्ट समजून घ्या. ज्या क्लबाकडे दोन वर्षांत बाकावर माणूस नव्हता, त्याला बदली खेळाडू कसा पाठवायचा ते विसरायला होतं. आधी एकानं बाहेर यायचं, मग दुसऱ्यानं आत जायचं, हा नियम. आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच तो राहिला नव्हता. क्लाइव्हनं 'जा' म्हटलं आणि डॉक्टर सुसाट गेले. मी रेषेवर उभी राहून लिंडसेला हात केला. ओरडले, "लिंडसे! बाहेर ये!" पण तो माणूस वीस वर्षं गाडीत माझ्याशेजारी बसलाय. माझं ओरडणं कानावर न घेण्याची त्याला सिद्धी लाभलेली आहे. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी शाबासकी देतेय असं समजून हात हलवला आणि उलट्या दिशेनं पळाला.

मी पुन्हा हाक मारणार, तेवढ्यात बॉल हवेत उंच उडाला. खाली लिंडसे. त्याच्याभोवती जेरानूकचे तिघं. आणि माझा सेहेचाळीस वर्षांचा, विमा कंपनीतला, शब्दकोडी सोडवणारा नवरा त्या तिघांच्या डोक्यावरून उडाला आणि त्यानं बॉल झेलला! झेलला म्हणजे नियमानं आता त्याला मोकळी लाथ. तो लंगडत मागे गेला, चड्डी वर ओढली, चार पावलं पळाला आणि मारला. मधल्या खांबांतून! खांबांजवळच्या पांढऱ्या कोटातल्या पंचानं गोलचे दोन्ही झेंडे फडकवले. सगळ्या गाड्या एकदम किंचाळल्या. मी रडत होते, हसत होते, क्लाइव्हच्या पाठीवर बुक्क्या मारत होते. बाहेर, आत, बदली, नियम, सगळं माझ्या डोक्यातून साफ गेलं.

तेव्हा मी बघितलं, जेरानूकचा कॅप्टन जागच्या जागी उभा राहून बोटांवर मोजत होता. एकेक बोट. मग त्यानं पंचाकडे जाऊन हात वर केला.

"मोजणी," तो म्हणाला.

आमच्या खेळात हा एक जुना नियम आहे. कॅप्टनला शंका आली तर तो माणसं मोजायला लावू शकतो. खेळ थांबतो, दोन्ही टीम मधोमध रांगेत उभ्या राहतात, पंच मोजतो. कोणाचा एक जरी जास्त निघाला, तर त्या टीमचे तोवरचे सगळे गुण रद्द. एकूण एक.

पंच एकेकाच्या छातीकडे बोट दाखवत चालला होता. मी मनात म्हणत होते, देवा, एखाद्याला आता चक्कर येऊ दे, एखाद्याला घराची आठवण येऊन तो निघून जाऊ दे. रांगेच्या शेवटी डॉक्टर उभे होते, तोंडात पट्टी, चेहरा पांढराफटक. पंचाचं बोट त्यांच्यापाशी थांबलं.

"एकोणीस."

"पुन्हा मोजा!" ब्रॉनविन कँटीनच्या खिडकीतून अर्धी बाहेर येऊन ओरडली. त्यानं पुन्हा मोजलं. रोवेनाही रेषेवर येऊन मोजत होती. एकोणीसच. फळ्यावरच्या माणसानं आमचे आकडे काढले आणि तिथं शून्य लावलं. तो गुण काढताना रडत होता, हे मी स्वतः पाहिलं.

थोडाच वेळ उरला होता. डॉक्टर मान खाली घालून बाहेर आले. बाकीच्यांनी सोडून दिलं असतं तर मी कोणाला दोष दिला नसता. पण डॉनालनं पुन्हा बॉल उचलला आणि पुन्हा एक गोल मारला. सहा गुण. आमच्या गाड्यांनी असा काही हॉर्न वाजवला की पाहुण्यांना वाटलं आम्हीच जिंकलो. तीन गोलनी आमच्यामागे असलेलं जेरानूक त्या एका बोटामुळे सामना जिंकून घरी गेलं.

सामन्यानंतर ब्रॉनविननं मला फुकट सॉसेज रोल दिला. तिथंच मी समजले की माझं गावात काही खरं नाही. ब्रॉनविन फुकट देते ते फक्त ज्यांच्या घरी मयत झालंय त्यांना. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "जाऊ दे गं, प्रयत्न केलास ना." यापेक्षा चार शिव्या बऱ्या. डॉक्टर तर सोमवारी दवाखाना बंद ठेवू का म्हणून विचारत होते.

रविवारी लिंडसे गुडघ्यावर गोठलेल्या मटारची पिशवी ठेवून पडला होता. मी ते पिवळं जॅकेट कचऱ्यात टाकायला निघाले, तर तो म्हणाला, "लोरेल, मारलेला गोल मारलेलाच ना?"

"फळ्यावर नाही तो."

"फळ्याचं नाही विचारत मी. तू पाहिलास ना?"

"पाहिला," मी म्हटलं. आणि मला इतकं भरून आलं की मी जॅकेट परत खुंटीला अडकवलं.

सोमवारच्या बैठकीला मला जायचं नव्हतं. पण क्लाइव्ह म्हणाला, क्लब बुडताना मॅनेजरनं तिथं असायला पाहिजे. लीगच्या सभागृहात आम्ही मागच्या रांगेत बसलो. समोर अध्यक्ष, हॅमिश प्रिंगल. सावकाश बोलणारा, सावकाश वाचणारा गृहस्थ. पहिल्या रांगेत रोवेना, नवीन ब्लाउज घालून.

प्रिंगलनी पहिला विषय घेतला. शनिवारच्या सामन्याचा निकाल. "बुरंडिपचे गुण मोजणीनंतर रद्द. विजयी, जेरानूक. या विजयानं जेरानूक अंतिम फेऱ्यांत. कोणाचं काही म्हणणं?"

"माझं आहे," रोवेना उठली. "कोणी नंतर कुरकुर करू नये म्हणून स्पष्ट नोंद व्हावी. बुरंडिपची मैदानावर एकोणीस माणसं होती. पंचांनी दोनदा मोजली. मी स्वतः मोजली."

"नोंद झाली," प्रिंगल म्हणाले. "विषय दुसरा. बुरंडिप क्लबला सामन्यासाठी अठरा माणसं जमत नसल्यामुळे..."

मी उभी राहिले. काही ठरवून नाही हो. सबंध आठवडा दारोदार फिरून, पाद्रीबाबांना वचन देऊन, ह्या बाईचे लॅमिंग्टन खाऊन मी माणसं जमवली, आणि हा माणूस वाचतोय 'जमत नसल्यामुळे'! माझं डोकंच फिरलं.

"रोवेना," मी म्हटलं, "शनिवारी आमची किती माणसं होती?"

"आत्ताच सांगितलं की. एकोणीस."

"नक्की? अठरा तर नव्हती ना?"

"अजिबात नाही! एकोणीस! शपथेवर सांगते!"

"आणि तुमच्याकडे किती होती?"

"अठरा. नियमानं."

"मग प्रिंगल," मी म्हटलं, "ज्या दोन क्लबांपैकी एकाकडे अठरा आणि एकाकडे एकोणीस माणसं आहेत, त्यांतला माणसं नाहीत म्हणून बंद कुठला करायचा?"

सभागृहात कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं कोणी. रोवेना कात्रीत सापडली. एकोणीस नव्हती म्हणावं तर तिचा विजय जातो, अंतिम फेऱ्या जातात. होती म्हणावं तर ठराव जातो. ती लालभडक झाली. क्लाइव्हनं माझा हात इतका घट्ट दाबला की अंगठी रुतली.

प्रिंगलनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "मी चाळीस वर्षं इथं बसतोय. जास्त माणसं उतरवली म्हणून क्लब हरलेले पाहिलेत. माणसं नाहीत म्हणून क्लब बंद झालेलेही पाहिलेत. पण एकाच क्लबाला एकाच संध्याकाळी दोन्ही कारणं लावायची, हे मी कोणत्या तोंडानं लिहू? ठराव फेटाळला. बुरंडिप पुढच्या वर्षी खेळेल."

क्लाइव्ह आनंदानं खुर्चीवर चढला. तो खुर्चीवर उभा आहे आणि बातमी चांगली आहे, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

बाहेर पार्किंगमध्ये रोवेनानं मला गाठलं. हसू आवरत नव्हतं तिला, हे मी प्रामाणिकपणे सांगते. कितीही झालं तरी तीही फुटबॉलवालीच.

"पुढच्या वर्षी पहिला सामना आपलाच आहे, आमच्या मैदानावर," ती म्हणाली. "आणि लोरेल, या वेळी जरा माणसं मोजून उतरव हं."

"मोजायचं काम तुमचं, बाई," मी म्हटलं. "तुम्हाला चांगलं जमतं. मी माणसं आणायला निघालेय."